अँटेना पत्र्यापासून लांब ठेवा

वायरलेस माउसचा यूएसबी रिसीव्हर लॅपटॉपच्या आतच बसवायचा, तर त्याच्या चार वायरी आतून यूएसबी पोर्टलाच सोल्डर करा, असं काही जण सुचवतात. माउस चालेल, पण तो पोर्ट गेला म्हणून समजा. डेटाच्या वायरींच्या एकाच जोडीवर दोन उपकरणं चालत नाहीत, मध्ये हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा) लागतोच. त्यापेक्षा जुन्या लॅपटॉपात मिनी पीसीआय एक्स्प्रेसचा (वाय-फायसारखी छोटी कार्डं बसतात तो) रिकामा स्लॉट आहे का बघा. 36 आणि 38 नंबरच्या पिनांवर यूएसबी 2.0 ची जोडी असते (बोर्डवर ती खरंच जोडलीय का, ते आधी तपासा). स्लॉटवर 3.3 आणि 1.5 व्होल्टच मिळतात; रिसीव्हरचे 5 व्होल्ट पोर्टवरून घ्या.

खरी गंमत जागेची. माझं काम नाशकात एमजी रोडच्या एका रिपेअरवाल्या पोराने केलं. रिसीव्हरची टोपी काढली की आतल्या सर्किटच्या पट्टीच्या टोकाला तांब्याची नागमोडी रेघ दिसते, तीच अँटेना. आधी ती यूएसबी 3.0 पोर्टाशेजारी होती. बाहेरची हार्ड डिस्क लावली की कर्सर अडखळायचा, कारण 3.0 चा विद्युत गोंगाट नेमका माउसच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. मग कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप) गुंडाळून टचपॅडशेजारच्या प्लॅस्टिकखाली सरकवली, तेव्हा सुधारलं. लॅपटॉप पूर्ण धातूचा असेल तर नादाला लागू नका, धातू सिग्नल अडवतो; ब्लूटूथ माउस घ्या.