अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेला मुलगा स्टँडवर झोपतोय, काय करता येईल?

झेरॉक्सवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. सीबीएसजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. भरतीच्या दिवसांत पोरांची रांग असते. त्यातला एक मुलगा रोज यायला लागला. कधी एक पान काढायला, कधी नुसता फोन चार्जिंगला लावायला. पोलीस भरतीचा फॉर्म भरताना 'कायमचा पत्ता' आला आणि गडी गप्प. आधारवर बालगृहाचा पत्ता, आणि तिथून तर अठरा पूर्ण झाल्यावर त्याला मोकळं केलेलं. एक बॅग, दोन ड्रेस आणि कागदांची फाइल एवढ्यावर.

दिवसभर एका हॉटेलात टेबल पुसतो. मालक जेवायला देतो, पण रात्री शटर पाडलं की बाहेर. मग ठक्कर बाजार स्टँड. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर पळायला जातो. फाइल चोरीला जाऊ नये म्हणून शर्टाच्या आत घालून झोपतो. दहावीच्या मार्कशीटला घामाचे डाग पडलेत, स्कॅन केलं की पिवळे दिसतात.

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, कुठे जमतंय का पाहिलं. जिथे जावं तिथे तेच: डिपॉझिट, आई-वडिलांचा नंबर, लोकल गार्डियन. बायको म्हणते घरी आणा, पण आमचं वन आरके आणि दोन मुली वयात आलेल्या. सरकारची काही सोय असते का? की पालिकेच्या निवारा केंद्रात नेऊ?

सुहास_के

बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरा. महिन्याला पैसे मिळतात, आमच्या शेजारच्या मुलीला मिळतात.

कोपरगावकर

जरा जपून, भाऊ. संस्थेतली पोरं म्हणजे… उद्या दुकानातून काही गेलं तर कोणाला धरणार?

सिस्टर_वॉर्ड_सात

कोपरगावकर, मी संस्थेतलीच आहे. वयाच्या सहाव्या वर्षापासून अठरापर्यंत. आज स्टाफ नर्स आहे आणि नाइट ड्युटीला औषधांच्या कपाटाची चावी माझ्याकडे असते. एवढं पुरे.

झेरॉक्सवाले दादा, बालसंगोपन अठरापर्यंतच असतं, त्यामुळे ते सोडा. निवारा केंद्र दोन-चार रात्रींना ठीक. तिथे वयस्कर, आजारी, दारू सोडवायची वेळ आलेली माणसं असतात. भरतीचा अभ्यास करणारा पोरगा तिथे टिकत नाही, परत स्टँडवर येतो.

तुम्ही जे तीन कागद सांगितलेत ना, डिपॉझिट, पालकांचा नंबर, लोकल गार्डियन, घर तिथेच अडतं. पगार असून माझं अडलं होतं. घरमालकीणबाई चांगल्या होत्या, चहा दिला, मग विचारलं, "दिवाळीला कुठे जातेस?" मी म्हटलं, कुठेच नाही. झालं, दुसऱ्या दिवशी खोली 'नातेवाइकांना दिली'. शेवटी आमच्या मेट्रननी त्यांचं नाव आणि नंबर घातला. त्यांना एक पैसा भरावा लागला नाही. फोन आला तर उचलायचा, एवढंच. दादा, तुम्ही ते करू शकता. घरी नका आणू. वन आरकेत तोही अवघडेल आणि निघून जाईल.

आणि तो पैसे कसे सांभाळतो ते बघा. संस्थेत घंटा झाली की ताट समोर येतं. मी अठरा वर्षांची होईपर्यंत कधी भाजी विकत घेतली नव्हती. पहिला पगार दहा दिवसांत संपला, कशात गेला ते आजही सांगता येणार नाही. त्याला कोणी उधळ्या म्हणेल, तो उधळ्या नसतो, त्याच्या हातात पैसा कधी आलेलाच नसतो. बँकेचं खातं अधीक्षकांसोबत जोडीचं असेल तर आधी ते त्याच्या एकट्याच्या नावावर करून घ्या. नाहीतर हॉटेलचा पगार रोख आणि तोही त्या शर्टात.

जाता जाता एक. आमच्या संस्थेत वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्यांची रविवारी गर्दी असायची. फोटो काढायचे, वेफर्स वाटायचे. त्यातल्या एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही की मागच्या वर्षी शेवटच्या रांगेत होती ती मुलगी कुठे गेली. बऱ्याचदा तिचं लग्न लावून दिलेलं असायचं. मुली स्टँडवर दिसत नाहीत त्या यामुळे.

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी

सिस्टर, मनापासून पटलं. मी कागदाच्या बाजूचं सांगतो, आयुष्य त्यातच गेलं.

बाल न्याय अधिनियम 2015, कलम 46. संस्था सोडणाऱ्या मुलाला अठरानंतर मदत देण्याची तरतूद त्यात आहे. 2016 च्या केंद्रीय नियमांत 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण (संस्था सोडल्यानंतरची मदत, आफ्टरकेअर) आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. सहा ते आठ जणांनी मिळून राहण्याची तात्पुरती गटनिवासाची सोयही त्या नियमांत लिहिलेली आहे. प्रत्यक्षात अनुरक्षण गृहं राज्यात बोटावर मोजण्याइतकी आणि नाशिकहून दूर गेला तर त्याची नोकरी सुटणार. म्हणून मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून महिना 4000 रुपयांचं अनुरक्षण साहाय्य मागा. तेवढ्यात कॉटचं भाडं निघतं.

अर्ज बालकल्याण समितीच्या नावे करा, प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना. साधा कागद चालेल. संस्थेतून सोडल्याच्या आदेशाची प्रत जोडा. आवक विभागात देऊन दोन्हीकडची शिक्क्याची पोच घ्या. तोंडी "बघतो" ऐकून परत येऊ नका. मी स्वतः तसं म्हणायचो, कारण पोच नसलेला अर्ज टेबलावर नसतोच. जमलं तर मुलाबरोबर जा. एकट्या पोराला शिपाईच परत पाठवतो.

आधारच्या पत्त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या अधीक्षकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. पण त्यावर जुनाच पत्ता येईल. खोली मिळाली की भाडेकरार करून बदला.

स्टँडवर झोपताना हॉटेलमालकाकडून कामाचं पत्र घेऊन खिशात ठेवू द्या. 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी थांबलेला माणूसही त्याच्या व्याख्येत बसवता येतो. उचलला गेला तर भरतीचं स्वप्न विसरा.

आता महत्त्वाचं. 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पोलीस भरतीतही. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. त्याच्या फाइलमध्ये आई-वडिलांबद्दल काय लिहिलंय?

झेरॉक्सवाला_नाशिक

साहेब, आत्ताच त्याला विचारून लिहितोय. वडील मयत, दाखला आहे. आईचं नाव आहे आणि पुढे 'ठावठिकाणा नाही'. तिसरीत असताना ती संस्थेत सोडून गेली, नंतर आली नाही.

लोकल गार्डियनमध्ये माझं नाव घालतो, सिस्टर. पंचवटीत एक काकू कॉट देतात, त्यांना संध्याकाळी भेटतोय. डिपॉझिट महिन्या-महिन्याने कापून घ्या म्हणणार आहे.

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी

मग प्रमाणपत्र अडणार. दोन्ही पालक हयात नसल्याचं दाखवावं लागतं. भरतीचा आत्ताचा फॉर्म त्याच्या नेहमीच्या प्रवर्गातून भरून टाका, अनाथच्या चौकटीत टिक करू नका, कागदपत्र तपासणीत बाद होईल. अनुरक्षणाच्या पैशांना मात्र ही अट आडवी येत नाही, तो अर्ज सोमवारीच द्या. मसुदा इथे टाका, मी बघून देतो.

झेरॉक्सवाला_नाशिक

टाइप करायला घेतलाय. जातीच्या दाखल्यासाठीही वडिलांचे कागद लागणार, तो नसेल तर खुल्यातूनच भरू ना?

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी

हो, खुल्यातून. आणि सोडल्याच्या आदेशावरचा जावक क्रमांक अर्जात लिहायला विसरू नका.