पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी निकॉन डी७५०० की कॅनन ९०डी?

प्रश्न: पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी मधल्या श्रेणीतील डीएसएलआर घेण्याचा विचार आहे. निकॉन डी७५०० आणि कॅनन ९०डी यांपैकी कोणता निवडावा? हाताने फोकस करण्याच्या निकॉनच्या दोन जुन्या एआय लेन्स (छिद्राचे माप कॅमेऱ्याला यांत्रिक जोडणीने कळवणाऱ्या) माझ्याकडे आहेत.

उत्तर १: ९०डीचा सेन्सर ३२.५ मेगापिक्सेलचा, तर डी७५००चा २०.९ मेगापिक्सेलचा आहे. दूरचा पक्षी क्रॉप करून मोठा करायचा असेल तर हा फरक नक्कीच उपयोगी पडतो; परंतु इतक्या दाट सेन्सरवर लेन्सच्या उणिवा आणि हाताची थरथरही अधिक उघडी पडते. सेकंदाला १० फ्रेम (९०डी) की ८ (डी७५००), याला मी फारसे महत्त्व देत नाही.

उत्तर २: आपल्या जुन्या लेन्सचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. डी७५००वर त्या बसतात, पण प्रकाशमापन होत नाही, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा हे कॅमेरा मोजून सांगत नाही. निकॉनच्याच २०१५च्या डी७२००मध्ये मात्र ते होते, शिवाय कार्डासाठी दोन स्लॉटही मिळतात.

प्रश्नकर्ता: हे ठाऊक नव्हते, आभारी आहे. मग डी७२०० कुठे कमी पडेल?

उत्तर २: बफरमध्ये, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी छायाचित्रे धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत. १४-बिट रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) छायाचित्रे सलग घेताना तो साधारण १८ फ्रेमनंतर मंदावतो, तर डी७५०० सुमारे ५० फ्रेमपर्यंत टिकतो.