गल्लीतून चाळीचं एलेव्हेशन: मोबाइलचे फोटो पुरतील का?

ठाकूरद्वारची_लेक
नमस्कार मंडळी. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या (तळ + ३, लाकडी खांब, पुढे गॅलऱ्या, वर मंगलोरी कौलं) दुरुस्तीचं घाटतंय. जुने नकाशे मालकाकडेही नाहीत. मी इंटिरियरच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, म्हणून कमिटीने हे काम माझ्या गळ्यात मारलंय. आतली मापं लेझर मीटरने घेईन. अडलंय ते एलेव्हेशनपाशी, म्हणजे दर्शनी बाजूच्या मापाबरहुकूम रेखाटनापाशी. गल्ली जेमतेम चार मीटरची, आणि परांची बांधायला पैसे नाहीत. खालून फोटो काढला की इमारत वर निमुळती होत जाते. तो सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून ऑटोकॅडमध्ये गिरवला तर चालेल का? शिवाय ‘दुरुस्तीनंतर कशी दिसेल’ हे चित्रही कमिटीला गणपतीच्या आधी हवंय.

पिक्सेलभाऊ
ड्रोन भाड्याने घ्या, तासाभरात काम!

ओळंबा
भाऊ, दक्षिण मुंबईत परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर चाळीच्या आधी पोलीस ठाण्याचं एलेव्हेशन बघायला मिळेल. त्यातून गिरगावातल्या केबलच्या जाळ्यातून तो वर जाणार कसा?

ताई, फोटो सरळ करून गिरवणं सपाट भिंतीला चालतं, चाळीला नाही. कठडा पुढे, दारांची भिंत मागे. समजा, कॅमेरा कठड्यापासून ४ मीटरवर आहे आणि भिंत त्याच्याही १.२ मीटर मागे. कठड्याच्या मापाने स्केल लावलंत तर २.१ मीटरचं दार १.६ मीटर भरेल. कमिटीतले आजोबा विचारतील, आम्ही काय वाकून आत जातो?

म्हणून फोटोग्रामेट्री करा. एकच बिंदू निरनिराळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत ओळखून सॉफ्टवेअर त्याची खरी जागा काढतं आणि अशा बिंदूंवरून इमारतीचं थ्रीडी मॉडेल उभं करतं. मेशरूम नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. मेटाशेप विकतचं, पण त्याच्या प्रोफेशनल आवृत्तीतून ऑर्थो फोटो थेट मिळतो, म्हणजे पुढचं-मागचं सगळं एकाच स्केलवर. तोच ऑटोकॅडमध्ये टाकून गिरवा.

फोटो समोरच्या चाळीच्या प्रत्येक मजल्यावरच्या गॅलरीतून काढा. एका जागी उभं राहून मोबाइल फिरवू नका; दर फोटोला पाऊल सरकलं पाहिजे, आणि आधीच्या फोटोतला ७०-८० टक्के भाग पुढच्यात आला पाहिजे. ०.५ ची वाइड लेन्स टाळा, एक्स्पोजर लॉक करा. ढगाळ दिवस उत्तम, सावल्या नडत नाहीत. कठड्यावर वाळत घातलेले कपडे मात्र आदल्या दिवशीच सांगून काढायला लावा. वाऱ्यावर हलणारी साडी प्रत्येक फोटोत निराळी दिसते आणि मॉडेलमध्ये तिथे नुसता लगदा होतो. ताज्या ऑइलपेंटची चकाकीही तसाच घोळ घालते.

आता माझा हट्टाचा मुद्दा. फोटो सरळ करणारं कुठलंही बटण असं धरून चालतं की इमारत उभी आहे ती सरळच. जुनी लाकडी चाळ बहुधा कुठेतरी झुकलेली असते, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेमका तोच कल हवा असतो. सरळ करण्याच्या नादात तुम्ही तो पुसून टाकाल. म्हणून फोटोंच्या आधी वरच्या गॅलरीतून दोन-तीन ओळंबे, म्हणजे टोकाला वजन बांधलेले दोरे, सोडा. दोऱ्यावर मीटर-मीटरला रंगीत इन्सुलेशन टेपच्या खुणा करा. खाली वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, म्हणजे ते झुलत नाही. दोरा बारीक, तो मॉडेलमध्ये उमटणार नाही. पण टेपच्या खुणा फोटोंत दिसतात. मेटाशेपमध्ये त्यांवर मार्कर लावा: स्केलही मिळतं आणि खरी उभी रेषाही. आडव्या पातळीला गवंड्याची पाण्याची नळी पुरे. एक माप, समजा जिन्याच्या चौकटीचं, सॉफ्टवेअरला देऊच नका. शेवटी त्यावरूनच मॉडेल ताडून बघा.

जुनीपानं
जरा अवांतर. फोटोवरून इमारती मोजण्याची कल्पना अशाच अडचणीतून आली. १८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडनबाउअर उंचावरून पडता पडता वाचले आणि त्यांच्या मनात आलं, वर न चढता फोटोवरूनच का मोजू नये? पुढे १८८५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने प्रशियात याच कामासाठी सरकारी संस्था निघाली. तेव्हा परांची नाही म्हणून खंतावू नका.

ठाकूरद्वारची_लेक
बादलीची युक्ती झकास! समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, त्या म्हणाल्या, ‘ये, पण चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.’ चित्रासाठी हेच मॉडेल वापरू का?

ओळंबा
चित्राला एवढं जड मॉडेल नको. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एकच फोटो घ्या, चाळीच्या दोन बाजू दिसतील असा. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल फोटोवर बसवायची ‘मॅच फोटो’ ही सोय आहे; तिला काटकोनातल्या दोन दिशांच्या रेषा लागतात. फोटो क्रॉप मात्र करू नका, कॅमेऱ्याचा मध्यबिंदू चुकतो आणि काही केल्या रेषा जुळत नाहीत. मग एलेव्हेशनवरून उभारलेलं साधं मॉडेल त्यावर बसवा.

रंग कमिटीच्या शेड कार्डवरून ठरवू नका. कठड्याच्या आतल्या, पाऊस न लागणाऱ्या बाजूला नखाएवढा भाग ब्लेडने हळूच खरवडा. जुने थर एकाखाली एक दिसतील. त्याचा जवळून फोटो काढा आणि तोच मीटिंगमध्ये आधी दाखवा. रंगावरून भांडणं होणारच आहेत, ती निदान चित्र काढायच्या आधी होऊ देत.