शेक हवाच, पण महिनाभर चालणंही हवं

वर एका ताईंनी लिहिलंय की तेरा वर्षांची लेक पाळीच्या पहिल्या दिवशी पोट दुखतं म्हणून शाळा बुडवते आणि घरचे म्हणतात, "पडून राहा, हलू नकोस." ताई, आमच्याकडेही दोन वर्षं हेच चाललं होतं.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्याने गर्भाशय जोरात आवळतं आणि कळा येतात. शेकाने ते स्नायू सैल पडतात. गरम पाण्याची रबरी पिशवी पाऊणपेक्षा कमीच भरा, बूच लावण्याआधी हवा दाबून काढा (नाहीतर ती फुगते आणि पोटावर नीट बसत नाही), जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा आणि पंधरा-वीस मिनिटं ओटीपोटावर ठेवा. उकळतं पाणी मुळीच नको. माझ्या लेकीची कातडी एकदा लाल झाली होती, अजून वाईट वाटतं.

व्यायाम त्या दिवशीच सुरू करून भागत नाही. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, पाळी नसतानाही करत राहायचा. आम्ही दोघी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारायला लागलो, तीनेक महिन्यांत फरक पडला. आता पहिल्या दिवशीही ती शाळेत जाते.

दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही पोट दुखत असेल किंवा तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, तर मात्र थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवा, मुली स्वतःहून बोलत नाहीत.