मदत हवी: डिशवर मृगातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही

खाडीवाला: बीएस्सीचा प्रोजेक्ट आहे, परवा सरांना दाखवायचाय. मृग नक्षत्रातल्या ओरायन ढगाची सीओ रेषा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा ठरावीक फ्रिक्वेन्सीचा रेडिओ सिग्नल, पकडायची आहे. डिश, एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) सगळं जोडलंय, पडद्यावर नुसता खरखराट. काय चुकतंय? 'गूगल करा' नको.

घाटावरचा: डिश केवढी? एलएनबी, म्हणजे डिशपुढचा सिग्नल पकडणारा डबा, कुठला? ट्यून कशावर केलंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मालवणी_तात्या: आधी डिश पूस रे. खाऱ्या वाऱ्यान माझो एलएनबी एका पावसात गंजलो.

खाडीवाला: पुसली. एलएनबी फ्री डिशचा, असतो तोच. मी वेंगुर्ल्यात, त्याने काय फरक पडतो?

घाटावरचा: पडतो की. सीओची रेषा 115.27 गिगाहर्ट्झवर, तुमचा एलएनबी 10.7 ते 12.75 च्या मधलंच ऐकणार. शिवाय मिलिमीटर लहरी हवेतली वाफ गिळते. अल्मा ही रेडिओ दुर्बीण उगाच चिलीच्या वाळवंटात 5000 मीटरवर नाही बांधली.

पत्र्याचा_हॉर्न: सीओ सोडा! पत्रा कापून हॉर्न करा, 1420 मेगाहर्ट्झला हायड्रोजन ऐका. मी सगळ्यांना हेच सांगतो.

घाटावरचा: तो सुटा अणू. तारे जन्मतात रेणूंच्या ढगात, 10-20 केल्विनला. हायड्रोजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा, एवढ्या थंडीत रेडिओवर गप्प. म्हणून तर त्याच ढगातला सीओ ऐकायचा.

पत्र्याचा_हॉर्न: मग मिथेनॉल मेसर (ढगातली लेसरसारखी तीव्र रेडिओ रेषा) घ्या, 12.178 गिगाहर्ट्झ. एलएनबीत बसतो!

घाटावरचा: बसतो, पण घरच्या डिशला? एलएनबी उन्हात तापला की फ्रिक्वेन्सी सरकते, एवढी बारीक रेषा कुठे शोधणार?

सहलप्रेमी: अवांतर: 28 फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला मिळते. 45 मीटरच्या 30 डिश. मुलांना नक्की न्या.

पत्र्याचा_हॉर्न: तीही जेमतेम 1450 मेगाहर्ट्झपर्यंतच, सीओ तिथेही नाही.

खाडीवाला: सहल विचारली नव्हती. परवा दाखवू काय?

घाटावरचा: अल्माच्या अर्काइव्हमधून ओरायनचा फिट्स क्यूब (एकेका फ्रिक्वेन्सीच्या चित्रांची चळत असलेली फाइल) उतरवा, फुकट आहे. 'कार्टा' या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नुसता साधा सीओ घेऊन भागणार नाही. दाट भागात तो अपारदर्शक, वरची सालच दिसते. आतलं बघायला जड कार्बन-13 वाला दुर्मिळ सीओ, 110.2 गिगाहर्ट्झ. मग चॅनल (एका फ्रिक्वेन्सीचं चित्र) एकेक सरकवत जा: डॉप्लरमुळे, म्हणजे वेगाने फ्रिक्वेन्सी सरकते म्हणून, ढगाचा कुठला पदर कुठल्या वेगाने चाललाय ते कळतं. नवजात ताऱ्याचे झोत दाखवायचे तर मात्र साधा सीओच बरा, त्याच्या रेषेला दोन्ही बाजूंना पंख, म्हणजे वेगवान वायूची पसरट टोकं, फुटलेले दिसतात. सर त्याच्यावरच विचारतील.

खाडीवाला: क्यूब किती जीबीचा? इथे रेंजची एकच कांडी.

मालवणी_तात्या: जेटीर जा. थंय फुल येता.