ताप उतरला, पण मुलाच्या पोटऱ्या धरल्या

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या मुलाचा फ्लूचा ताप परवा उतरला, मात्र काल सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताच तो कळवळला आणि तेव्हापासून टाच न टेकवता, भिंतीला धरून, चवड्यांवर चालतो आहे. संसर्ग श्वसनमार्गाचा असताना दुखणे पायांत कसे उतरले?

उत्तर १: ताप ओसरताना दोन्ही पोटऱ्या अशा धरणे हे शाळकरी वयात, विशेषतः इन्फ्लुएंझा बी या फ्लूच्या प्रकारानंतर, दिसणारे स्नायुदाहाचे लक्षण आहे, स्वीडनमध्ये लुंडबर्ग यांनी १९५७ साली त्याचे वर्णन केले. स्नायुपेशींना इजा झाल्याने रक्तातील क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतील विकर (एन्झाइम) वाढते आणि बहुधा आठवडाभरात मूल पूर्ववत चालू लागते. तरीही डॉक्टरांना दाखवाच. ॲस्पिरिन देऊ नका, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा पायांतील ताकदच गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण तुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकते.

उत्तर २: घरात वयस्कर माणसे असतील, तर त्यांच्याकडेही लक्ष असू द्या. अशा संसर्गात त्यांच्यात वेदनेपेक्षा स्नायूंची झीज अधिक होते: इंटरल्यूकिन-६ सारखी दाहक द्रव्ये प्रथिनांचे विघटन वाढवतात, जेवण जात नाही आणि अंथरुणाला खिळल्याने मांड्या भराभर उतरतात. माझ्या आईला न्यूमोनियानंतर हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हते.

प्रश्नकर्ती: लघवी स्वच्छ आहे, संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे नेते आहे. मनापासून आभार.