हेन्रिएटा वूडचा दावा
अमेरिकेबद्दल म्हणतात, "गुलामगिरी गेली, पण भरपाईची दमडी कोर्टाने कुणाला दिली नाही", ते बहुतांशी खरंच. पण हेन्रिएटा वूडला मिळाली. १८४८ मध्ये ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत कायद्याने मुक्त झालेली ही बाई. १८५३ मध्ये जिच्याकडे कामाला होती तिनेच पडदे ओढलेल्या बग्गीतून, फिरायला म्हणून, नदीपार, गुलामगिरी चालू असलेल्या केंटकीत नेलं आणि हा डाव रचणाऱ्या झेबुलन वॉर्डच्या माणसांच्या हवाली केलं. मग पुन्हा गुलामगिरी: मिसिसिपीतले कापसाचे मळे, पुढे टेक्सास.

१८७० मध्ये तिने वॉर्डवर २०,००० डॉलरचा दावा ठोकला. तो गडगंज, तेव्हा तारीख पे तारीख आलीच. १८७८ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरींनी तिच्या बाजूने कौल दिला. रक्कम मात्र २,५०० डॉलर, म्हणजे मागितल्याच्या आठवा हिस्सा! तरी पैसे खरोखर हातात पडले, आणि तिचा मुलगा आर्थर पुढे शिकागोत वकील झाला.